अनुमोदक

मंगळवार, सकाळचे नऊ. बाहेर उणे अठरा.
कोर्टहाउसचा बॉयलर तळघरातून ठोके देतोय,
जणू कुणाला तरी खालून मत मांडायचंय.
अध्यक्ष व्हर्लिन टियाडेन, हजर.
डोरिस कुबिचेक, हजर. मर्ल आणि रूडी, हजर.
लायल ऑस्टबी फ्लूनं झोपलाय.
गणपूर्ती झाली. मी लिहिते.

मागील सभेचे इतिवृत्त कायम.
बिलं मंजूर : रस्त्यावरचं मीठ, दोन टायर,
तुरुंगातल्या माणसाची दाढ उपटल्याचे एकशे चाळीस डॉलर.
एकाच दाढेचे? डोरिस विचारते.
एकच उरली होती, शेरीफ सांगतो.
हसू इतिवृत्तात घेत नाहीत.

पूल क्रमांक एकतीस, वजनाची मर्यादा आठ टनांवरून पाच.
बीटचे ट्रक आता नऊ मैलांचा वळसा घालतील
आणि त्यांचे मालक मर्लला रात्री फोन करतील.
नवा ग्रेडर, अडीच लाख : चर्चा चार मिनिटं.
कुत्र्याच्या परवान्याला पन्नास सेंट वाढवावेत का :
वीस मिनिटं झाली, अजून चालूच.
कुत्रं सगळ्यांना कळतं.

मग आर्डिस ब्रेक्के उठल्या. वय चौऱ्याऐंशी,
बुटांचं पाणी फरशीवर, हातात पेन्सिलनं लिहिलेला कागद.
म्हणाल्या, एकशे बारावा रस्ता, शेवटचे दीड मैल,
तेवढे बंद करा.
त्यावर मी एकटी. मार्चमध्ये मुलीकडे जाणार, फार्गोला.
तोवर मला कुठं जायचंय?
टपाल मी कोपऱ्यावरून आणीन.
माझ्या वाटची खडी त्या पुलाला घाला.

एकोणीस वर्षं मी या खुर्चीत आहे.
माणसं येतात ती मागायला :
रस्ता द्या, दिवा द्या, शेजाऱ्याचं कुंपण मागे घ्या.
मिळालेलं परत करायला
कुणी जिना चढून आलेलं मला आठवत नाही.

डोरिस म्हणाली, बाईच म्हणतायत, तर मी मांडते.
सूचक : कुबिचेक.
अनुमोदक :
इथं माझा कर्सर लुकलुकत राहिला.

मर्लनं थर्मासचं झाकण उघडलं, लावलं, उघडलं.
रूडीनं बाहेर झेंड्याच्या काठीकडे पाहिलं.
त्याच दीड मैलावर तो गाडी शिकला,
ब्रेक्क्यांच्या पिकअपमध्ये, शेजारी म्हातारा जीव मुठीत धरून.
हे मला माहीत आहे; विषयपत्रिकेला नाही.
अनुमोदक आहे का? अध्यक्षांनी विचारलं.
आहे का अनुमोदक?
मौन म्हणजे संमती, असं लोक म्हणतात,
आमची नियमावली म्हणत नाही.
बॉयलरनं एक ठोका दिला.
तो धरता आला नाही.

मागच्या रांगेतून रस्तेखात्याचा गार्थ म्हणाला,
परवानगी न घेता, टोपी न काढता :
मला ग्रेडर वळवायला बाईंचंच अंगण लागतं.
अलीकडे कुठं वळू, बीटांत?

मी लिहिलं : अनुमोदकाअभावी सूचना बारगळली.
आपलीच सूचना पडल्यावर
खुर्चीत इतकं सैल कुणी टेकलेलं मी पाहिलं नव्हतं.
डोरिसनं पर्समधून खोकल्याची गोळी काढून चघळली.
आर्डिसबाई मात्र चिडल्या.
म्हणजे मी उगाच आले म्हणायची, म्हणाल्या,
कागदाची चौघडी केली, पुन्हा एकदा घडी घातली.

परवाना शुल्क : पुढील सभेपर्यंत स्थगित.
दहा सत्तेचाळीसला सभा तहकूब.

खिडकीची काच पुसून पाहिलं :
पुढं पिवळा ग्रेडर, बर्फ बाजूला लोटत,
मागं त्यांची तपकिरी ब्युइक,
दोन्ही ताशी पाच मैल,
आणि बाई हॉर्न वाजवतायत,
सारखा वाजवतायत,
की बाजूला हो, मला पुढं जाऊ दे.